त्याच हातमोज्यांना आम्ही दीडपट का मोजतो?

नवखा_खरेदीदार

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी एका सरकारी रुग्णालयात आस्थापना शाखेत होतो. रजा, वेतनवाढी, सेवापुस्तकं हेच माझं जग. तीन महिन्यांपूर्वी खरेदी शाखेत बदली झाली. प्रशिक्षण म्हणाल तर माझ्या आधीच्या गृहस्थांनी निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या हातात दिल्या आणि म्हणाले, "मागच्या वर्षीची फाइल समोर ठेवायची, तारखा बदलायच्या. चालतं."

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयाच्या पुरवठा आदेशाची प्रत हाती लागली. तपासणीचे नायट्राइल हातमोजे, शंभरचा बॉक्स. तोच माल, तोच महिना, संख्याही जवळपास तेवढीच. आणि आमचा दर त्यांच्या दीडपट. कर धरून, कर सोडून, दोन्ही तऱ्हांनी तीनदा हिशेब केला. दीडपटच.

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "म्हणजे कुणीतरी खाल्लेत," म्हणाले.

आता अडचण अशी, की त्या गृहस्थांना मी वीस वर्षं ओळखतो. पुरवठादारांनी आणलेलं कॅलेंडरसुद्धा ते परत पाठवायचे. मग हा दीडपट आला कुठून? अज्ञान आणि भानगड, फाइलवर दोन्ही अगदी सारखीच दिसतात. एका भल्या माणसाच्या पेन्शनला माझ्या हातून नाट लागावी अशी इच्छा नाही. पण गप्प बसलो तर पुढच्या आदेशावर सही माझी असेल. काय करावं?

---

निवृत्त_भांडारपाल

तक्रार लिहायची घाई करू नका. आधी फाइल वाचा, आणि शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. दराचं कोडं दराच्या तक्त्यात सुटत नाही, त्याच्या चार महिने आधीच्या कागदात सुटतं.

माझी एकतीस वर्षं भांडारात गेली. तुमच्या त्या गृहस्थांच्या जातकुळीतलाच मी. कुणाचा चहा घेतला नाही. तरी माझ्यामुळे सरकारचं किती नुकसान झालं ते सांगतो, कारण ते चक्क वजनकाट्यावर मोजता येतं.

आम्ही छपाईचा कागद घ्यायचो. ए-फोर, ८० जीएसएम. मला तेव्हा जीएसएम म्हणजे काहीतरी दर्जा, एवढंच ठाऊक. वेष्टनावर ८० छापलेलं असलं की मी शेरा मारायचो, "माल तपासून घेतला, आदेशाप्रमाणे आहे." चार वर्षं असं चाललं. दर सगळ्यात कमी, पुरवठा वेळेवर, वागायला माणूस साखर.

मग टपाल विभागात एक नवीन मुलगी लागली. पाकिटांची वजनं करणं हे तिचं काम. एक दिवस जिन्यात मला थांबवून म्हणाली, "काका, वीस कागदांचे शंभर ग्रॅम व्हायला हवेत ना? अठ्ठ्याऐंशीच भरतायत."

मला आधी कळेचना. तिनं पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम, म्हणून ८० जीएसएम. ए-फोरचे सोळा कागद जोडले की एक चौरस मीटर. म्हणजे एक कागद ५ ग्रॅमचा, ५०० चं रीम बरोबर अडीच किलोचं. खाली गोदामात जाऊन सात-आठ रीमं काट्यावर ठेवली. एकही दोन किलो दोनशेच्या वर जाईना. वेष्टन ८० चं, आत ७०.

चार वर्षं मी अगदी प्रामाणिकपणे खोटं लिहीत होतो.

गंमत पुढेच आहे. त्याला काढलं, नवी निविदा काढली, अटीत वजन लिहिलं. दर वाढले. साहजिकच होतं, खरा ८० चा कागद देणारे लोक इतकी वर्षं या भामट्यापुढे हरून हरून आमच्याकडे यायचेच बंद झाले होते. आणि त्या वर्षी ऑडिटचा आक्षेप कुणावर? माझ्यावर! "मागील दराच्या तुलनेत वाढीव दराने खरेदी का केली याचा खुलासा करावा." चार वर्षं कागद चोरीला जात होता तेव्हा आमची फाइल स्वच्छ होती.

तर तुमच्या फाइलमध्ये हे बघा: हातमोज्यांचे तपशील कुणी लिहिले? निविदा किती आल्या, अपात्र किती झाल्या, कुठल्या अटीवर झाल्या? माल उतरला तेव्हा बॉक्स उघडून कुणी मोजले का? आणि त्या गृहस्थांना एकदा फोन करा. चौकशी म्हणून नको. मदत मागायला म्हणून करा.

---

पलीकडच्या_टेबलावरून

मी पुरवठादार आहे. दगड मारायचे असतील तर नंतर मारा, आधी वाचा.

दादा, तुम्ही विचारताय की एकाच मालाला दोन दर कसे. आमच्याकडे मालाला दर नसतोच, ऑफिसला असतो. माझ्या वहीत प्रत्येक कार्यालयाच्या नावापुढे एक आकडा आहे. तो महिन्यांचा. कुठे १, कुठे ४, एका ठिकाणी ११. बिल दिल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे महिने. बँक मला त्या अकरा महिन्यांचं व्याज माफ करत नाही, मग मी तुम्हाला कसं करू? ते दरात बसतं.

त्यावर अटी. मालाची किंमत ती काय, आणि त्याला मागतात पाच वर्षांचा तशाच पुरवठ्याचा अनुभव, तीन वर्षांचे ताळेबंद, प्रत्येक पानावर सही-शिक्का, शपथपत्र वेगळं. हे कुणी मुद्दाम करत असेल असं मला दर वेळी वाटत नाही. यंत्रसामग्रीच्या निविदेतलं पान जसंच्या तसं उचलून हातमोज्यांना चिकटवलेलं असतं. त्यात एकदा "माल बसवून कार्यान्वित करून देणे" अशी अट होती. हातमोजे कार्यान्वित! निविदापूर्व बैठकीत मी हसत विचारलं, की बाई, हे घालून दाखवायचे का सगळ्यांना? उत्तर आलं, "जे लिहिलंय ते लिहिलंय." चार जण तिथूनच परत गेले. उरलो दोघं. दोघंच उरलो की दर कुठे जातो ते तुम्हीच ओळखा.

याच्या उलट एक अधिकारी बघितल्या. अट चुकली असं दाखवल्यावर त्यांनी दोन दिवसांत शुद्धिपत्रक काढलं, मुदत आठवडाभर वाढवली. सात निविदा आल्या. मी हरले, पण पुढच्या वेळीही भरली. अशा ठिकाणी मी माझा सगळ्यात खालचा दर देते.

आता ज्याची सगळे वाट बघताय ते. टक्का मागणारी ऑफिसं आहेत का? आहेत. मी तिथे भरत नाही, पण भरणारे सांगतात की तोही दरातच टाकतात. फक्त एक फरक आहे. टक्का ठरलेला असतो, हिशेबात धरता येतो. गोंधळ किती होईल ते आधी कळत नाही, म्हणून त्याच्यापोटी आम्ही जरा जास्तच धरून ठेवतो.

---

वर्गातला_फळा

अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही. ताईंनी शेवटी लिहिलंय त्यावर अभ्यास झालेत.

ओरियाना बांदिएरा, आंद्रेआ प्रात आणि तोमासो व्हॅलेत्ती यांनी इटलीतल्या सरकारी कार्यालयांच्या साध्यासुध्या खरेदीचे आकडे तपासले. त्यांचा निबंध २००९ सालचा. त्यांनी वाया जाणाऱ्या पैशाचे दोन भाग केले. मी वर्गात त्यांना "खाल्लेलं" आणि "सांडलेलं" म्हणतो. खाल्लेल्यातून निर्णय घेणाऱ्याला काहीतरी मिळतं. सांडलेल्यातून कुणालाच काही मिळत नाही, ते नुसतं जातं.

धागाकर्त्याचा प्रश्न नेमका हाच आहे की बाहेरून फरक ओळखायचा कसा. त्यांनी युक्ती छान लढवली. इटलीत कॉन्सिप नावाची मध्यवर्ती खरेदी संस्था आहे. तिने वाटाघाटी करून ठरवलेल्या दराने कार्यालयांना थेट माल घेता येतो. आता विचार करा, महाग घेणारा माणूस खाणारा असेल तर तो या तयार दराकडे फिरकणारच नाही, कारण तिथे त्याचं काही सुटत नाही. पण तो बिचारा नवखा किंवा कंटाळलेला असेल तर? "सुटलो बुवा" म्हणून तिथूनच घेईल. महाग घेणारे कुठे वळले ते त्यांनी पाहिलं. एकूण नासाडीतला ८३ टक्के भाग सांडलेला निघाला.

हा आकडा प्रमाणित वस्तूंचा आहे, पूल-धरणांचा नाही. तो उचलून सगळीकडे चिकटवू नका. पण "महाग म्हणजे खाल्लं" हे साहेबांचं गणित मात्र त्यावरून कच्चं ठरतं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारी कार्यालयांवरचा एक अभ्यासही याच्याशी जुळतो. खरेदी करणाऱ्या कार्यालयाची क्षमता जिथे ठळकपणे जास्त, तिथे कामातला उशीर आणि खर्चातली वाढ लक्षणीय कमी. आणि क्षमतेत सगळ्यात जास्त वजन कशाला निघालं, तर कर्मचारी एकमेकांना सहकार्य करतात की नाही याला. काकांची टपालवाली मुलगी आठवा. ती जिन्यात बोलली नसती तर?

---

लाल_शाई

लेखापरीक्षणात आहे. वर आमच्या खात्याला हाणलेलं वाचलं, हिशेब चुकता करतो.

काका, तुमच्यावरचा आक्षेप चुकीचाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण या धाग्याचा सूर मला खटकतोय. सगळे भोळे, सगळं सांडलेलं. ब्युनोस आयर्सचं उदाहरण घ्या. तिथल्या शहर प्रशासनाने १९९६-९७ मध्ये सरकारी रुग्णालयांवर कडक नजर ठेवली. साध्या वस्तू कुणी कितीला घेतल्या ते सगळ्यांकडून मागवायचं आणि ताडून पाहायचं. राफाएल दी तेल्ला आणि एर्नेस्तो शारग्रोद्स्की यांनी त्याचा अभ्यास मांडलाय. पहिल्या नऊ महिन्यांत दर सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. त्या नऊ महिन्यांत कुणाला शहाणपण शिकवलं नव्हतं. फक्त "आम्ही बघतोय" एवढंच कळवलं होतं. आणि नजर सैल होताच दर पुन्हा थोडे वर सरकले. शहाणपण असं सैल होत नसतं.

माझ्या हातून गेलेली एक फाइल सांगतो. लहान खरेदी, तीन दरपत्रकं. तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळी शीर्षपत्रं, एक निळं, एक हिरवं, एक साधं. तिन्हींत "हायड्रॉलिक" हा शब्द "हायड्रोलीक" असा चुकलेला. तिन्हींत तिसऱ्या ओळीनंतर दोन ओळींची मोकळी जागा. एकाच माणसाने एकाच बैठकीत टंकलेलं. आणि ही फाइल ज्याची होती तो शाखेतला सगळ्यात हुशार माणूस! नियम तोंडपाठ. प्रत्येक टिपणीत नियमाचा क्रमांक. अशी देखणी फाइल मी पुन्हा पाहिली नाही. अडाणी माणसाची फाइल गबाळी असते, म्हणून त्याच्यावर लवकर बोट ठेवता येतं. याच्यावर ठेवायला मला दोन वर्षं लागली, तीसुद्धा शुद्धलेखनाच्या कृपेने.

म्हणून लोकांना नुसतं शिकवा असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते.

---

वर्गातला_फळा

लाल शाई, ब्युनोस आयर्स मान्य. नजर लागतेच. पण नजर कशावर ठेवता त्यावरही बरंच आहे.

चिलीमध्ये ऑडिटच्या परिणामांचा अभ्यास झाला. खुल्या लिलावाला नियम जास्त, म्हणून तपासायच्या पायऱ्या जास्त, म्हणून चुकाही जास्त सापडायच्या. ऑडिट होऊन गेलेली कार्यालयं पुढे काय करू लागली? खुले लिलाव कमी करून थेट खरेदीकडे वळली. ज्याच्यासाठी पहारा बसवला तेच मागच्या दाराने गेलं. आणि पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात प्रयोग करून पाहिला. काही खरेदी अधिकाऱ्यांना लहान खरेदीत मोकळीक दिली, कागदपत्रांची यादी आटोपशीर केली. दर ९ टक्क्यांनी कमी झाले आणि दर्जा घसरला नाही.

---

लाल_शाई

मोकळीक माझ्या त्या हायड्रोलीकवाल्याला द्या आणि मग ९ टक्के कुठल्या दिशेला जातात ते कळवा.

---

निवृत्त_भांडारपाल

दोघंही बरोबर आहात, म्हणून भांडण संपणार नाही. एकच भर घालतो. माझा कागदवाला चोर होता, मी नव्हतो. पण मी अडाणी होतो म्हणून त्याची चोरी चालली. फाइलवर एकच नाव असतं, सहीचं. त्यामुळे खाल्लं कुणी आणि सांडलं कुणी हे एकाच माणसात शोधत बसू नका. बऱ्याचदा एका माणसाचं सांडतं आणि दुसरा खाली वाटी धरून उभा असतो.

आणि एक. माझ्यानंतर आलेला मुलगा चांगला तयार झाला होता. दीड वर्षात त्याला निवडणुकीच्या कामाला नेलं, तिथून महसूलला. त्याच्या जागी आता कोण आहे विचारू नका.

---

नवखा_खरेदीदार

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री फाइल घेऊन बसलो होतो, काकांनी सांगितलं तशी शेवटाकडून सुरुवातीकडे.

निविदा आल्या पाच. तीन अपात्र, तिन्ही एकाच कारणाने. आमच्या तपशिलात हातमोज्याची लांबी "किमान २४३ मिमी" लिहिली आहे. २४० नाही, २४५ नाही, २४३. दुसऱ्या रुग्णालयाच्या निविदेत मानकाचा क्रमांक आणि पुढे "अथवा समतुल्य" एवढंच आहे. मी इंटरनेटवर माहितीपत्रकं उघडत बसलो. बाराव्या माहितीपत्रकात २४३ सापडला. जाडीसुद्धा दशांशापर्यंत तीच. आमचे पात्र ठरलेले दोन्ही निविदाकार त्याच कंपनीचे विक्रेते. दोघांची अधिकारपत्रं एकाच तारखेची, जावक क्रमांक एकापुढे एक.

तपशिलाचा कागद फाइलच्या तळाशी होता. कंपनीच्या प्रतिनिधीने पाठवलेला, वर दोन ओळींचं पत्र, "आपल्या मागणीनुसार तपशील पाठवत आहे."

रविवारी गृहस्थांना फोन केला. मदत मागायलाच. त्यांनी अगदी सहज सांगितलं, की हो, मीच मागवला होता, आपल्याला कोण सांगणार हातमोज्यांतलं? विभागप्रमुखांना तीनदा विचारलं तर म्हणाले, चांगले घ्या. मग मी २४३ बद्दल विचारलं. थोडा वेळ शांत. म्हणाले, "तो आकडा मला वाटलं नियमातच असेल. इतका नेमका होता ना."

अधिकारपत्रांच्या तारखांचं मात्र मी त्यांना विचारलं नाही. विचारवलं नाही म्हणा. लाल शाई, तुम्ही मला भित्रा म्हणाल.

ताई, आमच्या बिलांचे महिनेही काढले. सरासरी आठ. लेखा शाखेत गेलो तर बिलं भांडाराच्या तपासणी शेऱ्यासाठी थांबलेली, आणि भांडारात तपासणी थांबलेली कारण तपासायचं काय हे कुणाला सांगितलेलं नाही.

साहेबांना लेखी टिपणी दिली आहे. "खाल्लेत" हा शब्द कुठेही न वापरता, फक्त २४३ चा आकडा, माहितीपत्रकाची प्रत आणि दोन अधिकारपत्रांचे जावक क्रमांक शेजारी शेजारी. निर्णय त्यांचा. नव्या निविदेचे तपशील लिहायला यावेळी परिचारिका विभागातल्या दोन सिस्टर बसल्या होत्या. पाच मिनिटांत त्यांनी सांगितलं की लांबीचं काही नाही, मनगटाशी फाटतात ती खरी तक्रार आहे. आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आणि काका, तुमचा कागद वाचून आमचं एक रीम मेडिकल स्टोअरच्या काट्यावर ठेवून पाहिलं. दोन किलो १८०. भांडारासाठी स्वतंत्र वजनकाटा घ्यायचा प्रस्ताव काल टाकला. परत आलाय. शेरा: "तीन दरपत्रके जोडावीत."

---

पलीकडच्या_टेबलावरून

काटे मी विकत नाही, त्यामुळे बिनधास्त सांगते. प्रस्तावात अचूकता आणि कमाल वजन लिहा, कंपनीचं नाव नको. आणि तिन्ही दरपत्रकांचं शुद्धलेखन तपासून घ्या.